पितळेवरचे ओरखडे

चाळीस वर्षं लोकांची अडलेली दारं उघडली, पण अण्णा किल्लीवाल्यांनी स्वतःच्या दारावर कधी ओरखडा पडू दिला नव्हता. म्हणूनच रविवारी सकाळी त्यांच्या धाकट्या लेकीचा, म्हणजे बारकीचा, हात घंटीपाशीच थांबला. किल्लीच्या भोकाभोवती पितळेवर ओरखडे होते. एक-दोन नव्हेत, चांगले वीस-पंचवीस.

दुसरं कुणी असतं तर चोर चोर म्हणून बोंब ठोकली असती. पण बारकी बापाच्याच हाताखाली शिकलेली, आता दुकान तीच चालवायची. तारेने कुलूप उघडताना हात घसरला की असा ओरखडा पडतो, आणि तार अशी डावीकडून घालणारा माणूस तिच्या ओळखीत एकच. दार ओढलं की आपोआप बंद होणारं. अण्णा किल्ली विसरून बाहेर पडत होते आणि स्वतःच्याच घरात चोरासारखे शिरत होते.

थोरला भाऊ परवाच म्हणाला होता, "अण्णा ठणठणीत आहेत गं, तू उगाच राईचा पर्वत करतेस." त्याचं काय जातंय? फोनवर अण्णा वाघच असतात.

अण्णांनी दार उघडलं. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. चहाच्या निमित्ताने बारकी स्वयंपाकघरात शिरली, तर किल्ली साखरेच्या डब्यात आणि ओट्याखाली लपवलेलं पातेलं बुडाशी कोळसा झालेलं. कुलपाला तार चालते, पण पेटत्या गॅसला काय चालणार? या माणसाला आता एकटं ठेवता येईल का, याची तिला खरोखर भीती वाटली.

चहा समोर ठेवून तिने विचारलं, "अण्णा, दाराला ओरखडे कसले?"

"जुनं झालंय दार."

"दार नाही, पितळ. दोन मिनिटं घासलं असतंत तर गेले असते. तुम्ही गिऱ्हाइकाच्या कुलपावर बोटाचा डाग ठेवत नाही."

अण्णांनी कप बशीत ठेवला. "घासायला घेतले होते. दोनदा. मग म्हटलं राहू दे, बारकी आली की तिला कळेल. किल्लीवाल्याला किल्ली सापडत नाही, हे तोंडाने कसं सांगायचं गं?"

"आणि मी मेली तीन रविवार फिरकले नाही," बारकी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"रडून गंज चढवू नकोस. काय करायचं ते सांग."

तिने सांगितलं. उद्या डॉक्टर. मग रोज दिवसभर दुकानात तिच्याजवळ, जेवण तिथेच. रात्री झोपायला हेच घर, आणि इथला गॅस बंद.

"म्हणजे म्हातारपणी लेकीची चाकरी," अण्णा म्हणाले, पण ते हसत होते.

मग ते उठले. खिडकीतल्या जुन्या शिकंज्यात त्यांनी कोरी किल्ली आवळली आणि बारकीने काढून दिलेली साखरेतली किल्ली शेजारी ठेवून कानस चालवायला लागले. कानस घसरली. पहिली किल्ली वाया गेली. दुसऱ्या वेळी बारकीने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांनी ते धरू दिलं.

गावभरच्या जोडकिल्ल्या त्यांनी कापल्या होत्या, पण या दाराची कधी कुणाला दिली नव्हती. बारकीने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. नवी किल्ली एका फेऱ्यात फिरली.

अण्णा आत उभेच होते. "लागली ना? मग आता ओरखड्यांची वाट बघू नकोस," ते म्हणाले. "रोज उघडून बघत जा."