बिस्किटांच्या डब्यांचा बारबेल

मित्रांनो, जरा कल्पना करा. बेटावरचे एक गाव. ओहोटी लागली आहे, कोंबडे आरवत आहेत आणि नीरफणसाच्या झाडाखाली पांढऱ्या केसांचा एक माणूस काहीतरी डोक्यावर उचलून धरतो आहे. ते काहीतरी म्हणजे मी. मी एक जुना बारबेल आहे. नळाचा पाइप आणि दोन्ही टोकांना सिमेंट-वाळूने भरलेले बिस्किटांचे डबे, एवढेच माझे शरीर.

माझा जन्म फिजीतल्या कंदावू बेटावरचा. एका नाताळात आमच्याच गावचा अपिसाई सुट्टीला आला होता. तो राजधानी सुवाच्या बंदरातल्या धक्क्यावर पोती उचलायचा आणि शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकायचा. लोकांनी फारच आग्रह केला तेव्हा त्याने सदरा काढून दंड फुगवले. झाडाखालचा तो माणूस, तोमासी, तेव्हा काडीसारखा पोरगा होता; तो पुढे घुसला.

"दादा, असे दंड किती दिवसांत येतात?"

"दंडाचं सोड रे. आधी पाठ सरळ ठेवून उचलायला शीक. आणि रोज उचल."

चर्चच्या पायऱ्यांचे सिमेंट उरले होते. तोमासीने त्यातून मला घडवले. दुसऱ्या डब्याला सिमेंट पुरले नाही, म्हणून त्याने वाळू कोंबली. तेव्हापासून मी एका अंगाला कलतो.

तोमासी कधी स्पर्धेत उतरला नाही. पण रविवार सोडून रोज सकाळी त्याने मला उचलले. त्याचे लग्न झाले, मुले झाली, केस पिकले. गावाने कधी कौतुक केले, कधी थट्टा. एकदा तो तापाने महिनाभर पडून होता, तेव्हा माझ्यावर कोंबड्या बसत. बरा झाल्यावर त्याने मला खोबरेल तेलाने पुसले. आता त्याची नात सेरेइमा शेजारी उभी राहून झाडूचा दांडा उचलू लागली होती.

एके दिवशी तोमासीचा मामेभाऊ नेमानी आला.

"काय रे म्हाताऱ्या, परत बोहल्यावर चढायचंय का?"

"तुझं पोट बघून भीती वाटते, म्हणून उचलतो."

दोघे खदखदून हसले. मग नेमानी मांडी घालून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "केरेकेरे. होडीचा नांगर खडकात अडकून तुटला. हा मला नांगर म्हणून दे."

आमच्याकडे नातलगाने केरेकेरे म्हणून मागितले की नाही म्हणता येत नाही. दिलेली वस्तू परत मागायला तर देणाऱ्यालाच लाज वाटते. तोमासीने माझ्यावरून हात फिरवला.

"ने," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मी किनाऱ्यावर, होडीत दोराने बांधलेला होतो. तिथून झाड दिसत होते. तोमासी सवयीने आला आणि रिकाम्या हातांनी उभा राहिला.

"आजोबा, आज नाही?" सेरेइमाने विचारले.

"हात दुखतोय गं."

"खोटं!"

तो घरात गेला. पुढच्या सकाळी तर बाहेरच आला नाही. मित्रांनो, खाऱ्या पाण्याने माझे डबे गंजले असते, पण मला काळजी त्याची होती. वस्तूची निगा रोज राखावी लागते, तशी शरीराचीही. एकदा खंड पडला की दोन्हींना गंज चढतो.

तेवढ्यात सेरेइमा धावत किनाऱ्यावर आली आणि होडीजवळ असलेल्या नेमानीसमोर मांडी घालून बसली.

"नेमानीआजोबा, केरेकेरे. हा बारबेल मला द्या."

"तोमासीने पाठवलं ना तुला?"

"नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नाही. मला आजोबांसारखं व्हायचंय."

नेमानीने डोके खाजवले. "अरे देवा! ही पोरगी तर मलाच जाळ्यात धरते." आणि तो माझी गाठ सोडू लागला.

सेरेइमा मात्र लगेच घराकडे निघाली नाही. ती ओढ्याकाठी गेली आणि नेमानीच्या होडीसाठी एक जड दगड शोधू लागली.