दोनशे बारावा

“एकशे सेहेचाळीस कुठाय?” तपासणीला आलेल्या साहेबांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

रंगारी पुढे झाले आणि थिजलेच. ओढ्याच्या दरडीत कटरने कापलेला चौकोनी खड्डा होता. सत्तेचाळीसचं तेच, अठ्ठेचाळीसचंही तेच. दुपारपर्यंत दोनशे अकराच्या दोनशे अकरा जागा पाहून झाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते दोन महिने घरी काय पडले, चोरांनी दरड धुऊन नेली होती.

रंगारी हे त्यांचं टोपणनाव. नोकरी संग्रहालयात, नोंदणी कारकुनाची. दगड झालेले मासे, शिंपले, पानं दरडीत ओळखायला नजर लागते. इतरांना तिथे नुसती माती दिसते. दरड ढासळली तरी नोंद चुकू नये म्हणून बावीस वर्षं ते प्रत्येक जीवाश्माशेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकत आले होते. “घराच्या भिंतींना रंगाचं बोट नाही, आणि तिकडे मातीचे लाड,” असं बायको म्हणायची.

“आंधळ्यालाही सापडेल अशी सोय केलीत,” साहेब म्हणाले. “चोरांना दुकानच मांडून दिलंत की.”

रंगाऱ्यांना ते फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

“आता असं आहे,” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “एक तरी जागेवर दाखवा, मी काठ संरक्षित म्हणून लिहितो. नाहीतर फाइल आजच बंद. सोमवारी खडीवाल्यांची मशिनं येतील.”

रंगारी ओढ्याच्या वळणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एक आहे.”

वळणापलीकडे, झुडपाखाली, त्यांनी ओल्या फडक्याने चिखल पुसला. तळहाताएवढा बेडूक होता. बोटं पसरलेली, आत्ता उडी मारेल असा. नोकरीत त्यांनी एवढी एकच लबाडी केली होती. याला नंबर टाकला नव्हता, कुणाला सांगितलंही नव्हतं. रविवारी यायचं, पाहायचं आणि जायचं.

“वा,” साहेब म्हणाले. “पण यादीत कुठाय?”

“नाही घातला.”

“मग टाका नंबर. नंबर नाही ती वस्तू आमच्या लेखी नाहीच.”

“साहेब, नंबर टाकला की हाही जाईल. महिनाभरसुद्धा टिकायचा नाही.”

“फलक लावतोय ना आपण.”

“आणि राखणदार?”

“ते पद मंजूर नाही.” साहेबांनी मोबाइल काढला. “जरा मोठा काढा हं, फोटोत दिसला पाहिजे.”

रंगाऱ्यांनी डबी उघडली. बावीस वर्षांची सवय. आकडे सुबक आले. साहेबांनी फोटो घेतला, अभिनंदन केलं आणि ते गाडीकडे निघाले. दुखरा गुडघा दाबत रंगारी तिथेच बसून राहिले. वरून हॉर्न वाजत होता. रंग अजून ओला होता, पुसला असता तर निघाला असता. तो वाळेपर्यंत ते उठले नाहीत.