शिकारीला निघालेला क्वेट्झलकोॲटलस

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मनोरमाबाई राहतात. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण शिकवायची हौस काही गेली नाही. यंदा सोसायटीच्या संमेलनासाठी त्यांनी डायनासोरच्या काळातला एक उडणारा प्राणी खऱ्या मापाचा करायचं ठरवलं. नाव क्वेट्झलकोॲटलस. उभा राहिला तर जिराफाएवढा, पंख पसरले तर शाळेच्या बसएवढा.

बांबूचा सांगाडा सगळ्यांनी मिळून बांधला. पंख शिवले बाईंच्या मैत्रिणीनं, प्रिस्कानं. ती लग्नाचे गाऊन शिवते, त्यामुळे एवढं कापड बघून ती डगमगली नाही.

वाद झाला तो सेक्रेटरी पांडुरंग राऊतांशी. त्यांना हा प्राणी गच्चीवरून दोरीनं उडत उतरवायचा होता. बाईंनी समजावलं, की तो लांबलांब उडायचा खरा, पण शिकार करायचा जमिनीवर. पंख मिटून, चारही पायांवर, करकोच्यासारखा दबकत चालायचा आणि गवतात एखादं डायनासोरचं पिल्लू दिसलं, की चोचीत उचलून अख्खं गिळायचा.

"उडणारा प्राणी चालताना बघायला कोण येणार?" राऊत म्हणाले. कमिटीनं त्यांचंच ऐकलं. बाई हिरमुसल्या.

संमेलनाच्या दिवशी दुपारी तालमीसाठी दोरी सोडली. समुद्राकडून वारा आला, प्राणी गर्रकन फिरला आणि पाण्याच्या पाइपात अडकला. खाली काढला तेव्हा एक पंख उभा फाटलेला. राऊतांचा चेहरा पडला.

प्रिस्कानं कापड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"आता हा पसरायचा नाही," ती म्हणाली. "मिटलेला चालत असेल तर लगेच शिवते."

बाईंना हसू आवरेना. पंख मिटून शिवले गेले. चोचीची दोरी धरून बाई स्वतः मानेखाली शिरल्या. पुढच्या पायांना माणसं मिळाली, मागच्यांना कुणी तयार होईना, तेव्हा राऊत निमूटपणे आत शिरले.

संध्याकाळी प्राणी खुर्च्यांमधून सावकाश चालत आला. मुलं पांगली. तो थबकला, त्यानं मान वाकवली आणि आशालताकाकूंच्या ताटलीतला बटाटावडा अलगद उचलला. काकू आधी दचकल्या, मग पोट धरून हसायला लागल्या. ते बघून मुलंही परत आली आणि पिल्लं होऊन गवतात लपायला लागली. प्रत्येकालाच आपली शिकार व्हायला हवी होती.

दोन फेऱ्या झाल्या तरी पोरं सोडेनात. बाईंनी मागे वळून राऊतांना विचारलं, थांबायचं का?

"थांबायचं कशाला?" कापडाआडून आवाज आला. "जरा दबकत चला बाई, शिकार पळतेय."