कळशीभर अंगण

शंकरराव घाटपांड्यांनी माळव्यात शेतकी कॉलेज कसं मिळवलं, ही गोष्ट न ऐकलेला माणूस भोपाळच्या मराठी मंडळात शोधून सापडायचा नाही. सांगणारा एकच, त्यांचा नातू नीळकंठ. आता हा नातूही सत्तरी ओलांडलेला.

गोष्ट संस्थानी काळातली. दिवाणसाहेब म्हणाले, "शेती शिकवायला कॉलेज? उद्या माशांना पोहणं शिकवाल!" शंकररावांनी उलट उत्तर दिलं नाही. त्यांनी कचेरीतल्या गालिच्यावर काळ्या मातीची टोपली उपडी केली, तिच्यात हरभरा पेरला आणि शेजारी मांडी घालून बसले. हुकूम निघेपर्यंत उठणार नाही म्हणाले. दिवाणसाहेबांनी विचाराला एवढा वेळ लावला, की हरभरा फुलला, घाटे धरले. शेवटी कचेरीतच त्या ओल्या घाट्यांचा हुळा भाजला गेला, आणि हुळ्याने काळ्या झालेल्या बोटांनीच दिवाणसाहेबांनी मंजुरीवर सही केली.

यातला गालिचा खरा की नाही, देव जाणे. शंकरराव मात्र खरे, आणि कॉलेजही खरं. माणसाने बैलगाडीतून गावंच्या गावं पालथी घातली होती, लोकांचे टोमणे खाल्ले होते, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. पण नुसतं खरं सांगून नीळकंठचं भागत नसे. त्याचा हरभरा दरवर्षी गणपतीत थोडा वाढायचा. गेल्या गणपतीत तर त्या हरभऱ्यात दिवाणसाहेबांचा उंट हरवला होता.

तर श्रावण लागला आणि अरेरा कॉलनीतल्या नीळकंठच्या घरी फोन आला. पलीकडे डॉ. योगिनी तारे. त्याच कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवणाऱ्या, माहेर-सासर दोन्ही इंदूरचं.

"काका, कॉलेजला शंभर वर्षं होताहेत. शंकररावांच्या नावाने आंबा लावतोय. आमच्याकडे रीत आहे, झाड ज्याच्या नावाचं, त्याच्या घरची माती मुळाशी घालायची. तुमच्या अंगणातली कळशीभर मिळेल ना?"

"कळशीभर? अहो, ट्रक पाठवा!" नीळकंठ गरजला. "आजोबांनी स्वतः आणलेली काळी माती आहे. जशीच्या तशी जपलीय."

फोन ठेवून तो कौतुकाने अंगणाकडे निघाला, आणि दारातच थबकला. भिंतीपासून भिंतीपर्यंत टाइल्स. विटकरी, चौकोनी, गुळगुळीत. मधे एक बोट खुपसायला जागा नाही.

आजोबांनी माती आणली होती, हे खरंच होतं. नीळकंठच्या वडिलांनी हे घर बांधलं तेव्हा प्लॉटवर नुसता मुरूम होता. शंकरराव ऐंशीच्या घरातले. त्यांनी उज्जैनजवळच्या आपल्या शेतातली माती ट्रकमध्ये भरली, ढिगावर खुर्ची टाकली आणि छत्री उघडून भोपाळपर्यंत आले. जकातीच्या चुंगी नाक्यावर सगळ्यांनी त्यांना सलाम ठोकले म्हणे. उतरल्या उतरल्या त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या नातवाला हाक मारली, "नीळू, ये, हात घालून बघ." नीळूने नवी बेलबॉटम घातली होती. "नंतर, आजोबा," म्हणाला आणि मित्राच्या स्कूटरवर बसून गेला.

नंतर मोठ्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली. रिटायर झाल्यावर पावसाळ्यातला तो चिकट चिखल गाडीच्या टायरांना, चपलांना, कारपेटला लागू लागला, तेव्हा त्याने मिस्त्री बोलावला. बायकोचा, कमलिनीचा मोगरा गेला, कढीपत्ता गेला. तुळस प्लास्टिकच्या कुंडीत गेली.

"कळशी कुठून भरणार?" कमलिनीने खिडकीतून विचारलं. फोन तिने ऐकला होता. नीळकंठचा फोन आख्खी गल्ली ऐकायची.

"बघतो काहीतरी."

"एक टाइल काढा. खाली आहेच की."

"काढा म्हणे! ही डिझाइन आता बंद झालीय. फुटली तर मॅच मिळायची नाही."

"मग सांगा बाईंना, की आम्ही आजोबांवर फरशी घातली."

नीळकंठचे कान तापले. तो तसाच चपला अडकवून दस नंबर मार्केटच्या पुढच्या नर्सरीत गेला.

"बाबूजी, ये मिट्टी ले जाओ," नर्सरीवाला म्हणाला. "इसमें तो कुर्सी गाड़ दो, पलंग निकल आए."

नीळकंठला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या थापेचा राग आला. माती घेतली मात्र. घरी येऊन नर्सरीच्या पिशवीतून जुन्या गोणपाटात ओतली, म्हणजे जरा वाडवडिलांची दिसेल.

योगिनीबाई आल्या त्या तांब्याची कळशी घेऊन. चिंचेने घासलेली, गळ्याला लाल दोरा. कळशी समोर ठेवून त्यांनी शंकररावांच्या फोटोला वाकून नमस्कार केला. नीळकंठला नजर कुठे ठेवावी कळेना. फोटोतले आजोबा तर थेट गोणपाटाकडेच बघत होते.

"काकू, वाटीभर पाणी द्याल?" योगिनीबाईंनी गोणपाटातून मूठभर माती घेतली, पाण्याचा शिपका दिला, तळहातावर मळून गोळी केली आणि अंगठ्याने दाबत दाबत तिची पट्टी काढायला लागल्या. काळी माती असली की अशी पट्टी बोटापुढे लांब लोंबते, तुटत नाही. ही निघता निघताच तुटली. त्यांनी पुन्हा गोळी केली. पुन्हा तुटली. तळहातावर राहिले काथ्याचे काही तपकिरी तंतू आणि खताबरोबर मिसळतात तसले पांढरे हलके दाणे.

त्यांनी एक तंतू उचलून उजेडात धरला.

"काका, इथे नारळ होते का हो?"

कबूल करायची ती वेळ होती. पण नीळकंठची जीभ जन्मभराच्या सवयीने पुढे धावली. "होते ना! दोन. आजोबांनी लावलेले. भोपाळात नारळ बघायला थेट रायसेनहून लोक यायचे!"

कमलिनीला असा काही ठसका लागला की वाटीतलं पाणी सांडलं.

योगिनीबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी हात रुमालाला पुसला आणि खालच्या मानेने म्हणाल्या, "छान भुसभुशीत आहे." मग त्याच मातीने कळशी भरायला लागल्या.

त्यांनी चारचौघांत पाणउतारा केला असता तरी चाललं असतं, असं नीळकंठला वाटलं. शांतपणे भरली जाणारी ती कळशी त्याला बघवेना.

"हे हाताने बघणं," काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "मशिनं नाहीत का आता?"

"आहेत ना. पण ही शंकररावांची शिस्त आहे, काका. आमच्याकडे पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत. प्रत्येक मुलाने माती ओली करून पट्टी काढायची. ते म्हणायचे, हातात घेतल्याशिवाय मातीबद्दल बोलायचं नाही." त्यांनी कळशीत आणखी एक मूठ टाकली. "नव्या बॅचचा पहिला दिवस आणि आंबा लावणं, दोन्ही एकत्रच ठेवलंय. मुलं आधी ही माती हातात घेतील, मग मुळाशी घालतील."

नीळकंठच्या डोळ्यांपुढे ती मुलं उभी राहिली. कालपरवा गावाहून आलेली, नवे बूट घातलेली. पट्टी तुटतेय, पुन्हा तुटतेय. एकमेकांकडे बघताहेत. आणि वर पाटीवर नाव आजोबांचं.

"तुम्ही तिथे काय सांगाल?" त्याने विचारलं. आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"मी काही बोलणार नाही, काका," योगिनीबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. आणि त्या त्याच्यासाठी, म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची म्हणून, शंकररावांच्या कॉलेजात शंकररावांचीच शिस्त मोडणार होत्या.

त्यांनी कळशीवर फडकं बांधलं आणि फाटकाकडे निघाल्या. टाइल्सवर त्यांच्या सँडल टक् टक् वाजत होत्या.

"थांबा!"

नीळकंठ गॅरेजमध्ये शिरला आणि सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीजवळ, सिमेंटचा थर पातळ होता. तिथे माल कमी घातला म्हणून मिस्त्रीशी तो स्वतःच भांडला होता. कुंडी पायाने सरकवली आणि सब्बल घातली. पहिल्या घावाला टाइलचा नुसता टवका उडाला. दुसऱ्या घावाला समोरच्या घराच्या बाल्कनीत माणसं आली.

"नीळकंठराव, पाइप फुटला का?" शेजारच्या जयंतने विचारलं.

"नाही. मी केलेलं उकरतोय," नीळकंठ म्हणाला, आणि मान वर केली नाही.

टाइल निघाली, सिमेंट निघालं, आणि खाली माती लागली. वर आख्खा श्रावण चालू होता, पण तिच्यापर्यंत थेंब पोचला नव्हता. विटेसारखी घट्ट, राखेच्या रंगाची, बंद ट्रंकेसारखा वास. गांडूळ नाही, मूळ नाही. आजोबा छत्री धरून जिच्यावर बसून आले होते, ती ही.

योगिनीबाई साडी सावरून त्याच्या शेजारी बसल्या. एक ढेकूळ फोडलं, पाणी शिंपडलं. माती बघता बघता काळी झाली. त्यांनी ती स्वतः मळली नाही. नीळकंठच्या हातावर ठेवली.

"काका, तुम्ही."

त्याला कसं मळायचं तेही येत नव्हतं. बोटांना चिकटली, नखांत गेली, शर्टाच्या बाहीला लागली. अंगठ्याने दाबायला लागला तशी वेडीवाकडी पट्टी निघाली, बोटावरून खाली झुकली, लांबली आणि लोंबत राहिली. तुटली नाही.

उंट, गालिचा, नारळ, काही म्हणता काही त्याच्या जिभेवर येईना. त्या पट्टीकडे बघत तो उकिडवा बसून राहिला. कमलिनी बाहेर आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

योगिनीबाईंनी कळशीतली माती गोणपाटात रिकामी केली आणि खड्ड्यातली भरून घेतली. "समारंभाला या, काका. पुढची खुर्ची ठेवते."

"मागची ठेवा," तो म्हणाला.

"आणि ते नारळ तेवढे कळशीत घालू नका," कमलिनी म्हणाली. तेव्हा कुठे योगिनीबाई हसल्या. नीळकंठला हसता आलं नाही.

त्या टाइलची जागा त्याने बुजवली नाही. कमलिनीने तिथे कढीपत्त्याचं रोप लावलं. दोन पानं धरून ते तसंच हट्टाने उभं राहिलं.

गणपतीत मंडळात नेहमीसारखी हाक आली, "नीळकंठराव, हरभरा होऊन जाऊ द्या!" माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. नीळकंठ उभा राहिला आणि म्हणाला, आजोबा बैलगाडीने गावोगाव हिंडले, पुष्कळ वर्षं मागत राहिले, आणि कॉलेज झालं. एवढं सांगून तो खाली बसला.

"अहो, आणि उंट?" मागून कुणीतरी ओरडलं. "यंदा हरभरा केवढा झाला ते तरी सांगा!"

"हातभर," नीळकंठ म्हणाला. "हरभरा वाढतो तेवढाच."

त्याला बरं नसावं, असं सगळ्यांना वाटलं. तो मांडीवरच्या हाताकडे बघत होता. सकाळी त्याने रोपाला आळं केलं होतं, आणि नखांतली माती अजून निघाली नव्हती.