बस स्थानकाचा माइक आणि ज्येष्ठमधाची काडी

मी एक जुना माइक आहे. बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत, टेबलाला स्क्रूने आवळून बसवलेला. नवा होतो तेव्हा लोक म्हणत, "काय खणखणीत आहे हो!" पुढे माझं बटण अडकू लागलं. बंद केलं तरी मी चालूच. "बघू नंतर," म्हणत साहेबांनी ते तसंच ठेवलं. मित्रांनो, कान सतत उघडे असले की जिवाला स्वस्थता म्हणून नसते.

माझ्यासमोर बसतात त्या निवेदिका ताई. दिवसभर गाड्या पुकारून घसा बसायचा, म्हणून त्यांच्या दाढेखाली कायम ज्येष्ठमधाची काडी. एक संपली की दुसरी. आवाज टिकला खरा, पण काही महिन्यांत पाय सुजले, दम लागू लागला. माझ्यावरची धूळ पुसतानाही हात गळून जायचा. मला नुसती धाकधूक!

एके दुपारी त्यांनी बहिणीला फोन लावला. "अगं, गोळ्या घेऊनही प्रेशर उतरेना. छातीत सारखं धडधडतंय," असं सांगता सांगता काडी चघळत होत्या. बटण अडकलेलंच. अख्ख्या स्थानकाने ते ऐकलं, चघळण्याचा आवाजसुद्धा.

एक नर्सबाई आपली गाडी सोडून खिडकीशी धावत आल्या.

"ताई, तोंडात काय आहे?"

"ज्येष्ठमध. झाडाचं मूळ ते, त्याने काय होणार?"

"रोज खाता?"

"तोंड रिकामं असतं कुठे!"

"थुंका आधी! कधीमधी ठीक आहे. रोज एवढं खाल्लं की शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणाऱ्या हार्मोनांचा तोल बिघडतो. अंगात पाणी साचतं, प्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं. मग हृदयाचे ठोके चुकू लागतात. चला दवाखान्यात."

"उद्या जाते. आत्ता गाड्या कोण पुकारणार?"

हेही सगळ्यांनी ऐकलंच की! फलाटावर एकच गलका झाला, "अहो ताई, जा! आम्ही बघतो!" ड्रायव्हर मंडळी आपापल्या गाडीच्या दारात उभी राहून गावांची नावं ओरडू लागली.

ताईंना दवाखान्यात ठेवून घेतलं. ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. परत आल्या तेव्हा सूज उतरली होती, काडी सुटली होती, पण आवाज पार घोगरा. भीत भीत त्यांनी पहिली गाडी पुकारली. कुणी हसलं तर?

कुणी हसलं नाही. बाकावरून एक आजोबा ओरडले, "सावकाश होऊ दे, ताई! आम्ही थांबतो."

मित्रांनो, गाडी चुकू नये म्हणून तुम्ही आमच्याकडे कान लावून बसता. कधी गाडीला वेळ असला तर जरा खिडकीशी या आणि विचारा, "ताई, आज बरं आहे ना?" मी त्यांच्या इतक्या जवळ असतो, पण मला तेवढं विचारता येत नाही.