बर्फातला दात

नीलिमानं चिमट्यानं पातं तेजाबातून उचललं, पाण्यात बुडवलं आणि दारातल्या उजेडात धरलं. दोन जातींच्या पोलादाचे थर तिनं भट्टीत एकजीव केले होते, दुमडून पुन्हा पुन्हा ठोकले होते. त्या थरांची नक्षी आता उमटली होती, उथळ पाण्याखालच्या वाळूसारखी. पातं मनासारखं उतरलं होतं. राहिली होती मूठ, आणि तिथंच हात अडत होता.

भनपुरीत ट्रक दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळीत तिची शेड होती. लोहारकाम ती वडिलांकडून शिकलेली. नवरा गेल्यावर तेच कामाला आलं. हातानं सुऱ्या घडवणारी बाई म्हणून नाव झालं, लांबून मागण्या येऊ लागल्या. ही मागणी तेलीबांध्याच्या डॉक्टर वरदची. मुठीसाठी त्यानं स्वतःच हस्तिदंताचा तपकिरी तुकडा आणून दिला होता. तिचा चेहरा पाहून त्यानं घाईघाईनं सांगितलं, की दीदी, हा आजच्या हत्तीचा नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या, अंगभर केस असलेल्या हत्तीचा आहे. उत्तरेकडच्या बर्फात गाडलेला सापडला, रीतसर आणलाय.

नीलिमा हो म्हणाली खरी, पण घरी बोलली नाही. तिचा नवरा प्रफुल्ल वनखात्यात होता. कोरब्याकडच्या जंगलात कळपाला गावापासून वळवताना एका हत्तीनं त्याला चिरडलं. तेव्हापासून सासूबाईंनी, शांताबाईंनी, हत्तीचा शब्द घरात येऊ दिला नव्हता. टीव्हीवर हत्ती दिसला तरी त्या उठून आत जात.

तुकड्याच्या तिनं करवतीनं दोन फाका केल्या आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिल्या. पुढं काही होईना.

त्या दुपारी बाहेर कोणी हाक मारली म्हणून ती गेली. परत आली तर शांताबाई डबा घेऊन आलेल्या. डबा बाजूला होता, फडकं उलगडलेलं होतं आणि एक फाक त्यांच्या तळहातावर होती.

"हत्तीचा दात हाय ना हा?"

नीलिमानं होकारार्थी मान हलवली. आता भांडण होईल, नाहीतर त्या न जेवता निघून जातील, असं तिला वाटलं.

"कोनं मारला त्याले?"

"कोनंच नाही, आई. चिखलात फसला असन. मंग बर्फ पडला, त्याच्यातच राहिला. लय जुनी गोष्ट हाय."

"एकटाच होता?"

शांताबाईंनी फाक उलटीसुलटी करून पाहिली, कापलेल्या कडेवरच्या बारीक रेषांवरून अंगठा फिरवला. मग पोत्यावर बसल्या, सून वापरते तो बारीक पॉलिश पेपर घेतला, पाण्यात भिजवला आणि घासू लागल्या.

नीलिमा थांबवायला पुढं झाली, पण थांबवलं नाही. यंत्रावर धरला तर हस्तिदंत तापून तडकतो, तो हातानंच घासावा लागतो. तिनं दुसरी फाक घेतली आणि शेजारी बसली. डबा तसाच राहिला. दाताच्या दवाखान्यात येतो तसा वास शेडमध्ये पसरला. बाहेर ट्रक मागं-पुढं होत होते.

"तवा पकडून नेला म्हनत होते," शांताबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्या हत्तीले."

"हव. सरगुज्याकडं ठेवला हाय. पायात साखळी हाय म्हनते."

"खाते का तो?"

नीलिमाचा हात थांबला. त्या हत्तीला मारायला हवं होतं, असं सांत्वनाला आलेले सगळे म्हणाले होते. तिच्याही मनात कैकदा तेच आलं होतं. तो खात असेल, न खाता उभा राहत असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"कोनाले इचारलंच नाही, आई."

शांताबाईंनी फाक पाण्यात बुडवली, पदरानं पुसली. ती आता सायीसारखी दिसत होती. त्यांनी ती सुनेच्या हातात दिली.

"रविवारी तुही शेड बंद रायते," त्या म्हणाल्या. "सरगुज्याची गाडी सकाळीच असन ना?"