मळक्या जाळीवरचे धागे

मित्रांनो, सरांच्या सदऱ्याच्या खिशात एक पत्र होते आणि त्याला त्यांनी उत्तर दिले नव्हते. खोलीत आले की ते पत्र काढायचे, वाचायचे, घडी घालून परत ठेवायचे. घडीवर कागद विरत चालला होता. मी समोरच उभा असायचो, पण मला बोलता येत नाही. मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. प्रयोगशाळेच्या तळघरातल्या खोलीत उभे केलेले, माणसाहून उंच पोलादी धूड.

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या माथ्याशी केसासारखी बारीक तार बसवली. ती तापली की इलेक्ट्रॉनांचा झोत खाली सुटतो, वाटेतल्या नमुन्यातून आरपार जातो आणि तळाच्या हिरव्या पडद्यावर चित्र उमटते. साध्या उजेडात कधीच दिसणार नाही, इतके बारीक मी दाखवतो. मी नवा होतो तेव्हा लोक दाराशी दाटीवाटीने उभे राहत. शेजारी कोणी खुर्ची ओढली तरी माझे चित्र हलते म्हणून त्याला बोलणी बसत. तसे दिवस होते ते.

सरांचा विषय बेडूक. जन्मभर ओलीत राहणारा, अंगावर ना केस ना खवले, तरी त्याची कातडी सडत नाही. कारण तिच्यातून एक रस पाझरतो आणि त्या रसात प्रथिनांचे चिमुकले तुकडे असतात. ते जंतूंना मारतात. हेच तुकडे एकमेकांना बिलगून लांब धागे होतात. त्या धाग्यांची ठेवण कशी असते, हे शोधण्यात सरांचे केस पिकले. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर ते नमुन्याचा थेंब ठेवायचे, धुवायचे, पुन्हा धुवायचे. स्वच्छतेचे त्यांना वेडच. मला दर वेळी सपाट, फितीसारखे धागे दिसायचे. सरांनी तसे छापलेही. पण छापल्यावरही ‘आपलंच कुठंतरी चुकत असणार’ असे पुटपुटत ते माझ्यापुढे बसून राहायचे.

पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचे होते. ती भराभर कामे उरकायची, म्हणून तिला सगळे घाईबाई म्हणत. सर पत्र ओठांत वाचायचे, म्हणून मला ते पाठ झाले होते. ‘सर, माझ्या जाळीवर धागे दोरीसारखे पीळ घेतलेले दिसतात. मी नमुन्यात जंतूंच्या आवरणातली चरबी घालते. इथले सगळे हसतात, म्हणतात तुझी जाळी मळकी, तुला दिसतो तो कचरा. तुम्ही असं कधी पाहिलंय का? महिनाअखेरीस माझं काम तपासायला समिती बसेल. तुमचंही उत्तर आलं नाही, तर मी हे काम सोडते.’

दुपारी सरांची थोरली बहीण, अक्का, डबा घेऊन यायची.

“लिहिलंस का रे त्या पोरीला?”

“काय लिहू? मी असं कधी पाहिलंच नाही.”

“मग बघ की! एवढं मोठं धूड काय शोभेला ठेवलंय?”

“आणि चुकीचं दिसलं तर?”

“तू ना, पाण्यात पडायच्या आधी टॉवेल शोधणारा!”

मला हसू येत नाही, नाहीतर आले असते. पण त्याच आठवड्यात दुरुस्तीवाला येऊन गेला. “साहेब, ही शेवटची तार. आता अशी कुठं मिळत नाही. ही तुटली की यंत्र भंगारात.” माझ्या हवाबंद घशात बाहेरची हवा झिरपू लागली होती. तार अशक्त झालेली मला जाणवत होती, पण मित्रांनो, आपलेच शरीर सावरणे माझ्या हाती नव्हते.

शेवटी सरांनी नमुन्यात चरबीचे सूक्ष्म बुडबुडे घातले. जाळी त्यांनी न धुताच माझ्यात सरकवली. पडदा उजळला. एका कोपऱ्यात त्यांच्या ओळखीच्या फिती होत्या. आणि जिथे चरबी होती, तिथे तेच धागे पीळ घेऊन दोरीसारखे झाले होते. शत्रूचे, म्हणजे जंतूचे, अंग लागले की तुकडे वेगळे रूप घेत होते. सर इतकी वर्षे शत्रूचा मागमूसच धुऊन टाकत आले होते. ते पुढे वाकले. त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. मग फोटोच्या कळीकडे त्यांनी हात नेला.

तेवढ्यात तार तुटली. पडदा काळा झाला.

“दिसलं ना?” सरांनी माझ्या गार पोलादावर तळवा ठेवला. “मला खरंच दिसलं ना?”

काय सांगू तुम्हाला! हो म्हणायला माझा जीव तळमळत होता.

आठ हमालांनी मला ढकलगाडीवरून आणून फाटकापाशी आडवे टाकले. पाहायला कोणी आले नाही. फक्त सर आणि अक्का.

“लिहिलंस?”

“फोटो नाही गं अक्का. कशाच्या जोरावर लिहू?”

“तिनं फोटो मागितलाय का? तिनं विचारलंय, तुम्ही पाहिलंय का. मग? पाहिलंस की नाही?”

सरांनी खिशातले पत्र चाचपले. मग त्यांनी कागद काढला आणि माझ्याच कुशीवर ठेवून लिहू लागले. पेनाचे टोक मला टोचत होते. ‘फोटो नाही. पण मी पाहिलं. तुझी जाळी मळकी नाही. माझी जरा जास्तच स्वच्छ होती. हे समितीला माझ्या नावानं सांग.’

मित्रांनो, जुन्या यंत्रांची वेळीच निगा राखा. आम्हाला हाक मारता येत नाही. आणि ज्यांना बोलता येते, त्यांना कोणी काही विचारले तर उत्तराविना ताटकळत ठेवू नका.

पत्र वेळेत पोहोचेल का, समिती ते मानेल का, मला कधीच कळणार नव्हते. भंगाराचा ट्रक मागे येत होता. रस्त्यापलीकडे टपालपेटी होती. सर पाकीट बंद करून तिच्यापाशी जाऊन थांबले, एकदा मागे वळले. अक्काने लांबूनच हात हलवला, “टाक, टाक!” आणि सरांनी मनगटापर्यंत हात आत घालून पत्र सोडले.